इंजिनावर उभे राहण्याचा अधिकार

वकिलाच्या कचेरीत येणारा मनुष्य बहुधा भांडण घेऊन येतो. नुसता प्रश्न घेऊन येणारा विरळा. म्हणूनच काही महिन्यांपूर्वी आमच्याच देवस्थानचे एक महाजन जत्रेच्या दुसऱ्या दिवशी प्रसादाची पुडी हातात घेऊन आले आणि खुर्चीवर बसून बराच वेळ काही बोलेनात, तेव्हा आम्हांस नवल वाटले. अखेर ते म्हणाले, "वकीलबाब, आमच्या धाकटीने विजेच्या इंजिनियरिंगचा डिप्लोमा केला, हे तुम्हांला ठाऊकच आहे. आता ती म्हणते, मी आगगाडीची ड्रायव्हर होणार. लहानपणापासून तिला तेच वेड. मला एवढेच सांगा, बायकांना हे कायद्याने चालते का?"

"चालते," आम्ही म्हणालो. "२६ जानेवारी १९५० पासून चालते."

ते निमूटपणे उठून गेले. उत्तर अचूक होते. न्यायालयात तेवढ्याने काम भागले असते. परंतु ते गेल्यानंतर आमचे उत्तर आमच्याच मनाला अपुरे वाटू लागले. अधिकार कागदावर कधी आला ही एक तारीख, आणि तो अधिकार घेऊन एखादी व्यक्ती प्रत्यक्ष इंजिनाची पायरी कधी चढली ही दुसरी तारीख. या दोहोंमध्ये जे अंतर पडते, त्याचा हिशेब कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. तो इतिहासात शोधावा लागतो. त्या शोधाचे फळ वाचकांपुढे ठेवीत आहोत.

१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदराहून ठाण्याकडे पहिली गाडी सुटली, ही गोष्ट आपणांपैकी प्रत्येकाने शालेय पुस्तकात वाचलेली आहे. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित, एकवीस तोफांची सलामी आणि गाडी ओढण्यास तीन इंजिने. पाहुण्यांचे वर्णन पुष्कळ झाले, तोफांचेही झाले. परंतु इंजिनावर कोण उभे होते, हा प्रश्न शाळेत आम्हांस कोणी विचारला नाही. त्या काळी इंजिन चालविणारा हात गोऱ्या माणसाचा असे. विलायतेहून करारावर ड्रायव्हर आणले जात. पुढे येथेच स्थायिक झालेले युरोपियन व अँग्लो-इंडियन त्या जागांवर आले. भारतीय मनुष्य इंजिनावर होता, नाही असे नाही. परंतु तो फावड्याने कोळसा मारीत होता. जुन्या लोकांच्या बोलण्यात ज्यास आगवाला म्हणत, तो हा फायरमन. वाफ तो निर्माण करी. वाफेची दांडी मात्र दुसऱ्याच्या हाती असे. त्याने फार तर यार्डातले शंटिंग करावे, मालगाडी हाकावी. मेलगाडीच्या इंजिनावर त्याला दीर्घकाळ थारा नव्हता.

यामागे केवळ कौशल्याचा प्रश्न नव्हता. १८५७ च्या उठावानंतर तर सरकारी दृष्टीने आगगाडी ही फौज हलविण्याचे साधन होती, आणि असे साधन कोणाच्या हाती ठेवावे याचा निर्णय विश्वासावर होत असे. अँग्लो-इंडियन ड्रायव्हरांनी आपले काम निष्ठेने व कुशलतेने केले, हेही येथे नमूद केले पाहिजे. अनेक घराण्यांत ही विद्या बापाकडून मुलाकडे गेली. दोष त्यांच्या हातांचा नव्हता. दुसऱ्या हातांना संधीच न देणाऱ्या व्यवस्थेचा होता.

ही व्यवस्था मोडावी म्हणून मागणी झाली, ती प्रथम राजकीय व्यासपीठावरून. १९२४ साली रेल्वेचा अर्थसंकल्प सर्वसाधारण अर्थसंकल्पापासून वेगळा करण्यास मध्यवर्ती विधिमंडळाने संमती दिली, तेव्हा रेल्वेच्या नोकऱ्यांचे हिंदीकरण त्वरेने व्हावे, अशी अपेक्षाही त्याबरोबर नोंदविली. तथापि १९३५ च्या भारत सरकार कायद्याचे कलम २४२ पाहिले म्हणजे जुनी व्यवस्था किती खोल रुतली होती हे ध्यानात येते. रेल्वेच्या भरतीचे नियम करताना अँग्लो-इंडियन समाजाचा रेल्वेशी असलेला पूर्वापार संबंध, त्यांच्याकडे असलेल्या जागांचा प्रकार व प्रमाण आणि त्या जागांचे वेतनसुद्धा विचारात घ्यावे, असे त्या कलमात सांगितले होते.

स्वतंत्र भारताच्या घटनाकारांनी यावर जो तोडगा काढला, तो आम्हांस घटनेतील एक अत्यंत समंजस तरतूद वाटतो. त्यांनी हे राखीव स्थान एका घावाने तोडले नाही. घटनेच्या ३३६ व्या अनुच्छेदाने पहिली दोन वर्षे ते पूर्ववत ठेवले. नंतर प्रत्येक दोन वर्षांनी दहा टक्क्यांनी कमी करीत नेले, आणि दहा वर्षे पूर्ण होताच संपुष्टात आणले. म्हणजे १९६० च्या जानेवारीत इंजिनावरील शेवटचा वांशिक अडसर कायद्यानेही निघाला. कोणाच्या ताटातला घास ओढून न घेता दुसऱ्यासाठी पान मांडण्याची ही रीत होती.

गोमंतकाचा हिशेब मात्र निराळा मांडावा लागेल. मुरगाव बंदरापासून दूधसागरावरून कॅसलरॉकपर्यंत जाणारी आपली रेल्वे पोर्तुगीज अमदानीत, एका विलायती कंपनीच्या भांडवलावर, १८८० नंतरच्या दशकात झाली. ब्रागांझा घाटातील तिचा चढ सह्याद्रीतील अवघड चढांपैकी एक. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी मुंबईस गेलेली मंडळी देवदर्शनासाठी याच वाटेने परतत. १९५५ साली ही वाट सरहद्दीवर बंद पडली आणि गोवा मुक्त झाल्यानंतर पुन्हा खुली झाली. घटनेच्या बाराव्या दुरुस्तीने गोवा, दमण व दीव २० डिसेंबर १९६१ पासून भारतीय संघराज्यात समाविष्ट झाले. तेव्हा त्या गृहस्थांस आम्ही सांगितलेली १९५० ही तारीख त्यांच्या घराण्यापुरती काटेकोर नव्हती. त्यांच्या घरात तो अधिकार जवळजवळ बारा वर्षे उशिरा पोचला. वकिलाकडूनही चूक होते, आणि ती कबूल करण्यास लेख हे सोयीचे स्थान आहे.

आता स्त्रियांचा प्रश्न. घटनेच्या सोळाव्या अनुच्छेदाने सांगितले की धर्म, वंश, जात, लिंग, कुळ, जन्मस्थान वा निवास एवढ्याच कारणावरून कोणाही नागरिकास सरकारी नोकरीस अपात्र ठरविता येणार नाही. रेल्वे ही सरकारचीच. त्या वाक्यात स्त्रीला इंजिनाच्या दारापर्यंत नेण्याचे सामर्थ्य होते. कोणी म्हणेल, रात्रपाळीची आडकाठी होती. १९४८ च्या कारखाने कायद्याने स्त्रियांना रात्री कामावर ठेवण्यास मनाई केली होती ना? होती, परंतु त्याच कायद्यात 'कारखाना' या शब्दाची व्याख्या करताना रेल्वेची इंजिने जेथे ठेवतात व तयार करतात ती रनिंग शेड स्पष्ट शब्दांत वगळली आहे. सारांश, कायद्याची ती भिंत इंजिनाभोवती नव्हतीच. भिंत होती ती समजुतीची. या कामास स्त्री अर्ज करील, हेच कोणाच्या कल्पनेत नव्हते. आणि ज्याची कल्पनाच नाही त्यास मनाई करण्याचीही गरज पडत नाही.

ज्या वर्षी आपली घटना अमलात आली, त्याच वर्षी, ८ मार्च १९५० रोजी, चीनमध्ये तियान ग्वेईयिंग नावाच्या तरुणीने दालियन येथून स्त्रियांच्याच तुकडीसह आगगाडी चालविली. तेथील नव्या राजवटीने स्त्रियांना अशा कामांवर आणणे हे आपले धोरणच ठरविले होते. आपल्याकडे राज्याने दार उघडले आणि कोणी येते का याची वाट पाहिली. वाट पाहण्यात तीन तपे गेली.

जी आली ती साताऱ्याकडची, शेतकऱ्याच्या घरातली. श्रीमती सुरेखा यादव यांचा जन्म १९६५ सालचा. त्यांनी कऱ्हाडच्या शासकीय तंत्रनिकेतनात विजेच्या इंजिनियरिंगची पदविका घेतली. येथे एक गोष्ट वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावी. आगगाडी चालविणे हे त्यांचे बालपणीचे स्वप्न नव्हते. त्यांना शिक्षिका व्हावयाचे होते. रेल्वेच्या भरतीसाठी त्यांनी अर्ज केला, परीक्षा दिली, निवड झाली, आणि १९८६ साली कल्याणच्या प्रशिक्षण शाळेत त्या शिकाऊ सहायक ड्रायव्हर म्हणून दाखल झाल्या. १९८९ साली त्या नियमित सहायक ड्रायव्हर झाल्या. प्रारंभीचे काम मुंबईच्या वाडीबंदर आणि कल्याण यांमधील मालगाडीवरचे. १९९६ पासून त्यांच्या हाती मालगाडी आली, २००० साली उपनगरी गाडी. २०१० साली त्या घाटातील गाडी चालविण्यास पात्र ठरल्या, आणि ८ मार्च २०११ रोजी त्यांनी पुण्याहून मुंबईपर्यंत डेक्कन क्वीन आणली.

त्यांना आशियातील पहिली स्त्री-ड्रायव्हर म्हणण्याचा प्रघात पडला आहे. वर सांगितलेल्या चिनी तरुणीचे उदाहरण पाहता तो दावा आम्हांस मान्य करता येत नाही. आणि त्याची गरजही नाही. भारतातील पहिली, एवढा मान कोणत्याही मनुष्याच्या आयुष्यास पुरेसा आहे.

घाटातील पात्रता वेगळी का द्यावी लागते, हे समजून घेतल्याखेरीज २०११ च्या त्या प्रवासाचे मोल कळणार नाही. बोरघाटात सदतीस फूट पुढे गेले की एक फूट वर, असा चढ आहे. मुंबईहून जाणाऱ्या गाडीला कर्जतपासून मागे इंजिने जोडून वर ढकलावे लागते. रेल्वेचे लोक त्यांना बँकर म्हणतात. परंतु चढण्यापेक्षा उतरणे अवघड. शेकडो टन वजन उतारावर स्वतःच धावू पाहते आणि ड्रायव्हरने ते सतत धरून ठेवावयाचे असते. गाडी काबूबाहेर गेलीच, तर मुख्य रुळापासून फुटून डोंगराच्या बाजूस वर चढणारा एक आडरूळ ठेवलेला असतो, म्हणजे तीवर चढून ती थांबावी. आपल्या जत्रेत रथ उतारावर आला म्हणजे दोर ओढणाऱ्या शेकडो लोकांपेक्षा चाकाखाली लाकडाचा ठोकळा देणाऱ्या एका अनुभवी माणसाकडे सगळ्यांचे डोळे लागतात. घाट उतरणाऱ्या ड्रायव्हरचे काम त्या माणसाचे आहे. फरक एवढाच की रथ ओढणारे त्यास पाहू शकतात, गाडीतले प्रवासी पाहू शकत नाहीत.

आणखी एक योगायोग या घाटाच्या इतिहासात दडलेला आहे. घाटातील रुळांचे काम १८५६ साली सुरू झाले. पहिल्या कंत्राटदाराने ते १८५९ साली सोडले. त्याच्या जागी इंग्लंडहून सॉलोमन ट्रेडवेल आला, तो त्याच वर्षी येथे मरण पावला. त्याची विधवा अॅलिस ट्रेडवेल हिने मायदेशी परतण्याऐवजी कंत्राट स्वतःच्या नावाने पुढे चालविले, देखरेखीस जाणते इंजिनियर ठेवले, आणि १८६३ साली मार्ग पुरा झाला. एका वेळी चाळीस हजारांवर मजूर तेथे राबत. त्यांत डोक्यावरून माती वाहणाऱ्या स्त्रियाही होत्या, आणि पटकीने किती घरे बसली याला गणती नाही. ज्या वाटेसाठी स्त्रियांनी माती वाहिली आणि जिचे कंत्राट एका स्त्रीने तडीस नेले, त्या वाटेवर गाडी हाकण्यास स्त्री येईपर्यंत जवळजवळ दीडशे वर्षे गेली.

आता कागदावरील अधिकार आणि प्रत्यक्ष यांमधील एक अंतर सांगितल्यावाचून राहवत नाही, मग तो विषय नाजूक का असेना. इंजिनात शौचालय नसे. आठ-आठ, दहा-दहा तासांची कामगिरी आणि ही सोय नाही. पुरुषांनी हा त्रास पिढ्यान्‌पिढ्या सोसला. स्त्री त्या जागेवर आल्यावर तो सर्वांच्या डोळ्यांस दिसू लागला. शौचालय बसविलेले इंजिन २०१६ साली, श्री. सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना, रुळांवर आले. सोळाव्या अनुच्छेदानंतर सहासष्ट वर्षांनी! समानतेचे कलम लिहिणे हे जसे न्यायाचे काम, तसेच इंजिनात एक छोटी खोली बांधणे हेही न्यायाचेच काम आहे. आणि पुष्कळदा दुसरे काम पहिल्यापेक्षा अधिक काळ घेते. सगळ्या इंजिनांत ही सोय होईपर्यंत ते काम संपले असे आम्ही मानणार नाही.

श्रीमती यादव यांच्या मागून इतरही आल्या. डिझेल इंजिन चालविणाऱ्या मुंबईच्या श्रीमती मुमताज काझी यांना २०१७ च्या महिलादिनी राष्ट्रपतींच्या हस्ते नारीशक्ती पुरस्कार मिळाला. स्वतः श्रीमती यादव यांनी १३ मार्च २०२३ रोजी सोलापूरहून मुंबईपर्यंत वंदे भारत गाडी आणली, आणि छत्तीस वर्षांच्या सेवेनंतर सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस त्या निवृत्त झाल्या.

येथे आम्हांस आमच्या मूळ प्रश्नाकडे परत येता येते. न्यायालयात नवा मुद्दा मांडणाऱ्या वकिलास प्रथम विचारले जाते, याला पूर्वीचा निवाडा आहे काय? निवाडा नसला तरी मुद्दा खरा असू शकतो. परंतु तो मांडणाऱ्याची छाती धडधडते. एकदा निवाडा झाला की पुढच्या वकिलास फक्त त्याचा आधार घ्यावयाचा असतो. स्वप्नांचेही तसेच आहे. १९८६ साली इंजिनावर चढलेल्या मुलीला ते स्वप्न पडले नव्हते, कारण पाहण्यासारखे काही तिच्यापुढे नव्हते. आज आमच्या शेजारच्या मुलीला लहानपणापासून ते पडते, कारण तिने वर्तमानपत्रात त्या गणवेशातील स्त्रीचे चित्र पाहिलेले आहे. कायदा अधिकार देतो. स्वप्न मात्र पूर्वीचा निवाडा देतो.

आम्ही त्या गृहस्थांस पुन्हा बोलावून घेतले, आणि या वेळी ते मुलीला घेऊन आले. तिला पुढची वाट आमच्यापेक्षा अधिक ठाऊक होती. दहावीनंतर आय. टी. आय. किंवा तिच्यासारखी पदविका. रेल्वे भरती मंडळाची लेखी परीक्षा. चित्ताची एकाग्रता व तत्परता पाहणारी मानसशास्त्रीय चाचणी. आणि मग डोळ्यांची तपासणी, ती सर्वांत कडक. चष्म्यावाचून दोन्ही डोळे निर्दोष हवेत, रंग ओळखण्यात तिळभर चूक चालत नाही. निवड झाली की सहायक लोको पायलट. ड्रायव्हरचे आजचे सरकारी नाव लोको पायलट. पुढे मालगाडी, मग प्रवासी गाडी, आणि वर्षानुवर्षांच्या सेवेनंतर मेल-एक्स्प्रेस. सिग्नल दिसताच एकाने त्याचा रंग मोठ्याने म्हणावयाचा आणि दुसऱ्याने तो पडताळून पुन्हा म्हणावयाचा, असा इंजिनातला नियम तिने सांगितला, तेव्हा आम्हांस पाठशाळेतील संथेची आठवण झाली. चूक होऊ नये म्हणून दोन मुखांनी एकच शब्द उच्चारावा, ही युक्ती आपल्या पूर्वजांसही माहीत होती.

वडिलांनी सर्व ऐकून घेतले. मग त्यांनी कायद्याचा नव्हे, घरचा प्रश्न विचारला. "वकीलबाब, चवथीला ही घरी असेल का?"

आम्ही खोटे सांगू शकलो नाही. चवथीला मुंबईहून कोकणात व गोमंतकात जादा गाड्या सुटतात, हजारो लोक आपापल्या माटोळीखाली आरतीला उभे राहतात. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाल्यापासून हे आपल्या अंगवळणी पडले आहे. त्या प्रत्येक गाडीच्या पुढे दोन माणसे अशी असतात की ज्यांच्या घरच्या आरतीला ती स्वतः नसतात. "काही वर्षे नसेल," आम्ही म्हणालो. "पण ज्यांना ती घरी पोचवील, त्यांच्या घरी आरती वेळेवर होईल."

ते काही बोलले नाहीत. मुलीकडे पाहत राहिले, आणि थोड्या वेळाने नमस्कार करून दोघेही गेली. अर्ज गेला आहे. निकाल लागावयाचा आहे, आणि तो लागेल तसा लागो. एवढे मात्र आम्हांस कळले की त्याच आठवड्यात ते स्वतः मुलीला मडगावच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले, आणि तपासणी होईपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहिले.